राखेतली पावलं

सुमंत पोटावर पालथा पडला होता. हनुवटी राखेत टेकलेली, मोबाइल उलटा धरलेला, म्हणजे भिंग जमिनीला अगदी लागून राहील. समोर बोटाएवढे सात जवान एका रांगेत. सगळ्यांच्या कमरेला एकच दोर. दोर म्हणजे पांढरा शिलाईचा दोरा.

"आता हलू नका रे बाप्पा," तो म्हणाला आणि डाव्या हातातल्या ब्लोअरचं बटण दाबलं.

राख उठली. कोराडीच्या वीजघरापलीकडचा तो राखेचा करडा, ओसाड माळ मोबाइलच्या पडद्यावर एकदम बर्फाचा डोंगर झाला. वादळ सुटलं. जवान वाकून चालायला लागल्यासारखे दिसले. पडद्याच्या बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि सुमंतच्या पाठीवरून घामाचे ओघळ जात होते.

सुमंत लांजेवार एसी मेकॅनिक होता. ब्लोअर त्याच धंद्यातला, बॅटरीवर चालणारा. सहा दिवस लोकांच्या एसीतली धूळ काढायची आणि रविवारी इथे येऊन धूळ उठवायची. आधी त्याला स्वतःलाच फौजेत जायचं होतं. कामठीला भरतीसाठी दोनदा धावला. धावण्यात पास, छातीत नापास. दुसऱ्यांदा परत येताना त्यानं रस्त्यावरच्या एका हातगाडीवरून प्लॅस्टिकच्या जवानांचं पाकीट घेतलं. का घेतलं ते त्याला आजही सांगता येत नाही. मग त्यांना रंगवायचा नाद लागला. व्हाइटनरचे पांढरे कोट, एम-सीलचे मास्क, एसीच्या जुन्या पत्र्यातून कापलेली घसरगाडी. फोटो टाकले की लोक विचारायचे, "खरं होय का बे हे?" त्यातच सगळी मजा होती. त्याचे जवान लढायचे, पडायचे, मरायचे आणि संध्याकाळी पुन्हा डब्यात जाऊन झोपायचे. त्यांना नावं नव्हती.

आज मात्र रांगेतल्या पहिल्याला नाव होतं. सुशील.

चार-पाच दिवसांपूर्वी फोन आला होता. बाईचा आवाज, तरुण.

"भाऊ, ते खेळण्यांचे फोटो तुमीच काढता न? मले एक पाहिजे होता. माह्या मिस्टरचा."

तिचं नाव कामिनी. कुहीहून बोलत होती. तिचा नवरा वर बर्फात ड्यूटीवर होता. सात जण दोराला बांधून चालले होते, हा सगळ्यांच्या पुढे. मध्येच तो मागे वळला, हात वर केला, काहीतरी बोलला. वाऱ्यात कोणालाच ऐकू आलं नाही. तेवढ्यात बाजूच्या उतारावरून बर्फ आला आणि दोर तुटला. त्याच्या मागच्या जवानानं नंतर घरी फोन करून एवढं सांगितलं होतं. सुशील पुष्कळ दिवसांनी सापडला. पेटी गावात आली ती बंद. उघडू नका, सोबतचे साहेब म्हणाले. गावातल्या शहाण्या माणसांनीही माना डोलावल्या.

"आईनं तोंड नाही पाह्यलं त्याहीचं," कामिनी म्हणाली. आई म्हणजे तिची सासू, रुखमाबाई. "म्हून ते मानतच नाही. म्हणते, पेटीत दुसरंच कोणी होतं. अन् वरतून ते पिठाचं झालं."

पिठाचं सुमंतला सांगावं लागलं नाही. त्याच्या आजोबांच्या वेळेस त्यानं पाहिलं होतं. माणूस गेला की त्याच्या जागेवर रात्री पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहायचं, पिठात काय उमटलं ते. मुंगीची रांग असेल, पाखराचा पाय असेल, माणसाचं पाऊल असेल. काहीतरी उमटतंच. म्हणजे गेलेला येऊन भेटून गेला, आता सुटला. सुशीलची जागा कोणाला माहीत? म्हणून पेटी ठेवली होती तिथेच पीठ पसरलं. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. एक रेघ नाही. रुखमाबाई म्हणाल्या, "गेलाच नाही तं भेटाले येईन कसा?"

"तुमी फक्त कसं झालं ते दाखवून द्या," कामिनी फोनवर म्हणाली. "डोयानं पाह्यलं म्हणजे मानीन."

तर सुमंत ते दाखवत होता.

पहिला फोटो चांगला आला. सुशील मागे वळलेला, हात वर, तोंडावर मास्क, मागे सहा जण वाकलेले. आता दुसरा. बर्फ आल्यानंतरचा.

यात पावलांचं काम सगळ्यात नाजूक. जवानांचे पाय खाली चकतीला चिकटलेले असतात, त्यांची पावलं उठत नाहीत. सुमंत ती घासून बोथट केलेल्या पेन्सिलीनं उठवायचा आणि काम करत करत मागे सरकायचा, ब्रशनं आपल्या खुणा पुसत. ही त्याची रीत होती. त्या दिवशी पाऊल केवढं दिसेल हे बघायला त्यानं पलीकडच्या बाजूला चार-सहा पावलं मापासाठी उठवली. नंतर पुसू म्हणाला. मग सुशीलला आडवा करून वरून ओंजळभर राख टाकली. दोरा राखेत शिरलेला, अलीकडे सहा जण उभे. इतक्यात लांबून रखवालदाराची शिटी आली. "ए, कोन आहे बे तिकडे?" सुमंतनं पटापट फोटो काढले, राखेत हात घालून सुशीलला उपसला, जवानांना डब्यात कोंबलं आणि पळाला.

त्याच्या डोक्यात एकच होतं. दोरा राखेत शिरतो तिथे फोटो कसा आला. तिथे तो सुरेख आला होता.

पुढच्या रविवारी सीताबर्डीवरून दोन्ही फोटो मोठे करून घेऊन तो कुहीला गेला. रुखमाबाईंनी दारातच नीट न्याहाळलं त्याला. उंच, काटक बाई. रडून सुजलेलं तोंड असेल असं त्याला उगाच वाटलं होतं, तसं काही नव्हतं.

"ये गा बापू. उन्हातानात आला. कामिनी, पानी दे वं त्याले."

कोपऱ्यातला कूलर नुसता घरघरत होता, पाणी चढत नव्हतं. सुमंतला ते बघवेना. फोटो कामिनीच्या हातात देऊन तो कूलरच्या मागे जाऊन बसला आणि पंप सोडवायला लागला. खरं तर त्याला त्या बाईसमोर बसवत नव्हतं.

रुखमाबाईंनी पहिला फोटो मांडीवर घेतला.

"मागं पाहून राहिला," त्या म्हणाल्या. "असंच करे तो. शाळेत जातानी बी फाटकापासून एकडाव मागं पाहे. काही बोले. मले कधीच आयकू नाही ये. म्या आपली मान हालवो."

कामिनीनं तोंड फिरवलं.

मग दुसरा फोटो. सुमंतच्या हातात पंप होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. आता रडणं येईल म्हणून तो तयार बसला होता. रुखमाबाईंचं बोट सहा जणांवरून फिरलं, दोऱ्यावरून फिरलं, राखेच्या ढिगावर थांबलं. मग ढिगाच्या पलीकडे गेलं, फोटोच्या पार कोपऱ्यात.

"हे काय होय?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"पाय होय हे. कामिनी, पाह्य वं. बर्फाच्या त्या बाजूनं पाय आहे. निंघाला तो."

सुमंत उठून आला. मापाची पावलं. पुसायची राहिलेली. ढिगापासून निघून फोटोच्या कडेपर्यंत गेलेली, बारीक, निळसर, अगदी खरी. कामिनी त्याच्याकडे बघत होती. आता बोलायचं होतं. मावशी, ती माझी चूक आहे, एवढंच.

रुखमाबाई हसल्या. दोन दात पडलेलं, मोकळं हसू.

"याच्या पुढचा फोटो कवा देशीन गा?"

सुमंत म्हणाला, "पाहतो मावशी." आणि परत कूलरच्या मागे जाऊन बसला. पंप सुरू झाला. पाणी चढलं. खोलीत गार हवा आली आणि त्याच्या अंगावर काटा आला.

त्या दिवसापासून सुशील डब्यात जाईना. म्हणजे सुमंतच त्याला ठेवेना. बाकीच्या सहांमध्ये त्याला आडवा टाकायला हात होत नव्हता. टीव्हीशेजारच्या फळीवर त्यानं त्याला उभा केला. सकाळी उठून बघावं तर पायापाशी राखेचा बारीक सडा. व्हाइटनरच्या भेगांमध्ये राख अडकलेली असते, ती गळते, हे त्याला कळत होतं. तो पुसायचा. दुसऱ्या दिवशी परत. एकदा तर सड्याचे दोन ठिपके थोडे पुढे सरकलेले होते. पंख्यानं, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला.

फोन यायचे. तो कोणाच्या तरी बेडरूममध्ये स्टुलावर उभा, डोकं एसीत, आणि खिशातला मोबाइल वाजायचा.

"बापू, रुखमाबाई बोलून राहिली. गेला कुठी तो मंग?"

शेवटी त्यानं एक फोटो केला. एक दगड, दगडापर्यंत गेलेली पावलं आणि आडोशाला बसलेल्या पांढऱ्या कोटाची नुसती पाठ. कामिनीच्या मोबाइलवर पाठवला. तेवढंच समाधान, असं त्याला वाटलं. कामिनीकडून काहीच उत्तर आलं नाही.

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. मानेवाड्याच्या वर्कशॉपमध्ये फोन थांबेनात. मालक चंपतराव घामानं थबथबलेले, टेबलावर पाय टाकून बसलेले.

"काय बे सुमंत्या, अख्खं नागपूर भाजून राहिलं, अन् तू बर्फात कोनाले शोधून राहिला?"

सुमंतनं त्यांना सांगून टाकलं. सगळं. त्याला वाटलं, चंपतराव हसतील. त्यांनी पाय खाली घेतले.

"लेका, मेलेला पोरगा देला तू त्या बाईले. आता वापस कसा घेशीन?"

दुसऱ्याच दिवशी कामिनी वर्कशॉपला आली. एसटीतून उतरून तशीच, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. चंपतरावांनी खुर्ची सरकवली आणि चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेले.

"सोमवारी मले हॉस्पिटलात जॉइन व्हाचं आहे भाऊ," ती म्हणाली. "लग्नाआधी नर्सिंग केलं होतं म्या. इथीच नागपुरात लागलं. दोन खोल्या पाह्यल्या, आईलेही घेऊन येतो म्हटलं. ते म्हणते, तो आला अन् घराले कुलूप असलं तं? तो दगडाजवळचा फोटो पाह्यला तवापासून रोज त्याहीचं ब्लँकेट उन्हात टाकते. ताट वाढून ठेवते. थंडं झालं की मले म्हणते, गरम कर वं, येईन तो."

सुमंतनं पान्याची मूठ नखानं खरवडली.

"तुमाले दोष नाही देऊन राहिली मी. खरं सांगू? मीही तो पायाचा फोटो घेऊन बसतो. इतके दिवस मले पक्कं माहीत होतं. आता नाही राहिलं." तिनं ओढणी सोडून परत गुंडाळली. "ते पाय कोनाचे होय?"

"माहे. म्हणजे पेन्सिलीचे. माप पाहत होतो."

"मंग हे तुमीच सांगा आईले. माह्या तोंडानं नाही निंगत."

रविवारी सकाळी चंपतरावांची ओम्नी घेऊन सुमंत कुहीला गेला. सगळा धीर गोळा करून त्यानं अंगणातच म्हटलं, "मावशी, फोटो जिथी काढला ते जागा दाखवतो. चला."

रुखमाबाईंनी विचारलं नाही कुठे, किती लांब. लुगडं बदललं, फोटो पिशवीत घातले आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मागे कामिनी. नागपूर मागे पडलं तेव्हा रुखमाबाईंनी विचारलं,

"एसीवाल्याच्या गाडीत एसी नाही काय रे?"

"नाही मावशी. लोकायच्याच घरी लावतो."

"हं," त्या म्हणाल्या. "तसंच असते."

माळावर वारा पडलेला होता. गाडीतून उतरून त्या थोडं चालल्या, थांबल्या. समोर करडं, पांढुरकं, सपाट. लांब धुराड्याचा धूर सरळ वर जात होता.

"हेच होय काय?"

"हाव."

"हे तं राख होय."

"हाव मावशी. वीजघराची."

त्या खाली बसल्या. तळवा राखेवर टेकवला. पटकन उचलला आणि परत टेकवला.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

सुमंतनं डबा उघडला. सहा जण मांडले, दोरा बांधला. सातवा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. रुखमाबाईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यानं तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी फुंकर मारून त्याच्यावरची राख उडवली. अंगठ्यानं तोंड पुसलं.

"तोंड नाही याले."

"मास्क आहे मावशी. थंडीचा."

मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली. गुडघ्यांवर बसून राखेत एक पाऊल उठवलं. दुसरं. तिसरं. थोडं तिरपं, थोडं सरळ, माणूस दमून चालला की पडतात तशी. रुखमाबाई बघत होत्या. कामिनी लांब उभी होती, गाडीच्या दाराला धरून.

"तवाचे बी असेच?"

"हाव. मापासाठी उठवले होते. पुसाचे राहून गेले."

"तो दगडाजवळचा?"

"तोही म्याच बसवला."

लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती. रुखमाबाईंनी पिशवीतून दुसरा फोटो काढला, राखेतल्या पावलांशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"त्याच रोजी काहून नाही सांगतलं गा?"

"तुमी हासल्या," सुमंत म्हणाला.

त्यांनी फोटो परत पिशवीत ठेवला. घाई न करता, कोपरे दुमडू नयेत अशा बेतानं.

"कर मंग. त्या दिवशी झालं तसं कर."

सुमंतनं सुशीलला रांगेच्या पुढे उभा केला, मागे वळलेला, हात वर. दोरा कमरेला बांधला. मग राख घ्यायला ओंजळ केली, पण ती भरेचना. बोटांतून गळूनच जाई.

"सरक," रुखमाबाई म्हणाल्या.

त्यांनी ओंजळ भरली. वरून ओतली नाही. आधी पायांवर सोडली, मग कमरेवर, मग छातीवर, तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तशी खालून वर. वर केलेला हात शेवटपर्यंत बाहेर होता. त्या हाताकडे बघत त्या थोडा वेळ थांबल्या. मान हलवली, हो म्हणून. मग तोही झाकला.

मग त्यांनी पदर कमरेला खोचला, बसून तळवा राखेवर ठेवला आणि फिरवला. अर्धा गोल. त्याच्या शेजारी अर्धा गोल. अंगण सारवतात तसं. पेन्सिलीची पावलं पहिल्याच हातात गेली. तरी त्या थांबल्या नाहीत. मागे मागे सरकत होत्या, आपल्या बसण्याच्या, टाचांच्या, पिशवी ठेवल्याच्या खुणा पुसत. सुमंत स्वतः असाच मागे सरकायचा, तो एक दिवस सोडून.

कामिनी पुढे आली. "आई, मी करू का?"

"तू नोको. तुह्या ड्रेसले लागीन." हात फिरतच होता. "उद्या सोमवार होय न? कामावर जाचं आहे तुले."

कामिनी होती तिथेच उभी राहिली. ओढणीचं टोक तिनं तोंडात धरलं होतं.

सारवून झालं. नुसता दोरा राहिला होता, गुळगुळीत राखेतून निघून दुसऱ्या जवानाच्या कमरेपर्यंत आलेला. सुमंत तो ओढायला वाकला.

"ओढू नोको."

रुखमाबाई गुडघ्यांवर टेकल्या, वाकल्या, आणि दोरा राखेच्या अगदी जवळ दातानं तोडला. गोधडी शिवून झाल्यावर तोडतात तसा. ओठाला राख लागली. कामिनीनं येऊन ती ओढणीनं पुसली, त्यांनी पुसू दिली.

सुमंतनं सहा जण डब्यात ठेवले. सातव्याची जागा तशीच ठेवून झाकण लावलं.

गाडीत बसता बसता रुखमाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सकायी येऊन पाहू नोको गा बापू. काही उमटते काय म्हून."

"नाही येत मावशी."

गाडी वळवताना त्यानं आरशात पाहिलं. माळावर अर्ध्या गोलांचे पट्टे शेजारी शेजारी पडले होते, एकही पाऊल नव्हतं. अंगण सारवून कोणी आत्ताच घरात गेलं असावं, तसं दिसत होतं.